थोरल्याचा चेंडू

“थोरल्याचा चेंडू रेषेवरच पडतो.”

सेसान ओडूसिना हे म्हणताना आवाज चढवत नसे. रॅकेट काखेत धरायची, टोपी मागे सारायची आणि शेजाऱ्याच्या बकरीविषयी बोलावं इतक्या सहज बोलायचं. समोरचा खेळाडू घशाशी आलेले शब्द गिळायचा. इजेबूच्या लाल मातीत वाढलेला माणूस एक वेळ उपाशी राहील, पण चारचौघांत थोरल्याच्या तोंडाला तोंड देणार नाही.

हरमाटन सुटला की आमच्याकडे म्हाताऱ्यांची टेनिसची फेरी निघते. वाळवंटाकडून कोरडा वारा येतो, ओठ फुटतात, केळीची पानं कडेकडेने करपतात आणि सूर्य सोललेल्या कंदासारखा फिका दिसतो. अशा दिवसांत निवृत्त मास्तर, कारकून, कंपाउंडर, बँकवाले पांढऱ्या कपड्यांना इस्त्री करतात, गुडघ्यांना पट्टे बांधतात आणि गावोगावच्या क्लबांत एकमेकांना हरवायला निघतात. आधी अबेओकुटा, मग इबादान, मग ओशोग्बो, आणि शेवट आमच्या इजेबूत. गट दोन, पासष्टीचा आणि सत्तरीचा. शेवटच्या दिवशी दोन्ही गटांचे विजेते एकमेकांशी खेळतात. त्या सामन्याला ढाल नाही की पेला नाही, तरी फेरीतला सगळ्यात जहरी सामना तोच.

फेरीत पंच नसतो. चेंडू ज्याच्या बाजूला पडला त्याने आत की बाहेर ते सांगायचं. वाद झाला, तर दोघांत जो थोरला त्याचा शब्द शेवटचा. सामना संपला की धाकट्याने थोरल्याची बॅग उचलून फाटकापर्यंत पोचवायची. एवढेच नियम. ते कोणी लिहिले नाहीत, कारण आमच्याकडे ते आईच्या दुधातूनच येतात.

सेसान पासष्टीच्या गटात खेळायचा. तिथे तो सगळ्यांत थोरला होता, हे अख्खं गाव जाणून होतं. इजेबूत एका वयाच्या माणसांची मंडळी असते. पोरपणी एकत्र बांधली जाते आणि मरेपर्यंत सुटत नाही. मोठ्या ईदनंतर तिसऱ्या दिवशी प्रत्येक मंडळी एकाच रंगाचं कापड नेसून राजाच्या अंगणात नाचत जाते. सेसानची मंडळी शेवाळी रंगाची, बहात्तरी गाठलेली. त्या कापडातला माणूस सहासष्ट वर्षांचा असूच शकत नाही. पण सरकारदरबारी सेसान सहासष्ट वर्षांचाच होता.

आमच्याकडे नोकरी केलेल्या माणसाला दोन वयं असतात, एक घरचं आणि एक सरकारी. कोणी पाच वर्षं कापलेली, कोणी सात. त्यावर कोणी बोट दाखवत नाही, कारण दाखवणाऱ्याचं बोटही कुठेतरी कापलेलं असतं. सेसानचं दुखणं मात्र वेगळं होतं. त्याने कापलेली वर्षं हवेत उडून गेली नव्हती. ती त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाच्या अंगावर पडली होती.

त्या भावाचं नाव डोटून.

बाप गेला तेव्हा सेसान शेतात अडकला. कंद लावले, कोकोच्या शेंगा फोडल्या, चार भावंडांना जगवलं. पाणीखात्यात भरती निघाली तोवर त्याचं वय उलटून गेलं होतं. मग तो आईला घेऊन कचेरीत गेला आणि डोटूनचं जन्मसाल स्वतःचं म्हणून सांगितलं. आईने शपथ घेतली. “माझा थोरला म्हणेल ते खरं,” एवढंच ती बोलली, आणि ते साहेबाला पुरलं.

पुढे डोटून शिकून त्याच खात्यात आला. त्याने स्वतःचं खरं साल सांगितलं, तर साहेब चष्म्यावरून बघत म्हणाला, “या सालचा तुझ्या आईचा एक मुलगा आमच्याकडे आहे. तुम्ही जुळे का?”

“नाही साहेब.”

“मग तू तिचा मुलगा नाहीस, नाहीतर तुझं साल चुकलंय. घरी जाऊन विचारून ये.”

त्या संध्याकाळी ओसरीवर सेसानने धाकट्याच्या खांद्यावर हात टाकला. “सांगून टाक, मी थोरला. माझं साल तुझं म्हणून सांग. त्यात काय आहे? तोंडाने कोणी म्हातारं होत नाही.”

डोटूनने भावाचं ऐकलं. त्याच्यापुढे छाती जमिनीला टेकवून लोटांगण घातलं, आशीर्वाद घेतला आणि दुसऱ्या दिवशी भावाचं वय अंगावर चढवून नोकरीला लागला.

दोघांनी एकाच खात्यात, एकाच वसाहतीत संसार मांडले. वसाहतीत सिमेंटचं टेनिस कोर्ट होतं. रॅकेट दोघांत एकच, आणि तिची तुटलेली तार मासे धरायच्या दोरीने बांधलेली. सेसानने डोटूनला खेळ शिकवला. “माझ्या तोंडाकडे काय बघतोस, चेंडूकडे बघ! तोंड खोटं बोलतं.” तो असं ओरडायचा आणि डोटून हसत धावायचा. त्या वसाहतीतल्या बायका अजून सांगतात की दोघं भाऊ खेळायला लागले की चुलीवरचं जळायचं.

मग वय आलं. म्हणजे खऱ्या वयाला अजून अवकाश होता, पण सरकारी वय दारात येऊन उभं राहिलं. डोटूनच्या दाढीत जेमतेम पांढरं दिसायला लागलं होतं, मुलं अजून शाळेत होती, आणि खात्याने त्याला म्हातारा म्हणून घरी पाठवलं. सेसान तेव्हा खात्यात मोठ्या खुर्चीवर बसलेला. निरोपाच्या सभेत भाषण त्याच्याकडेच आलं. समोर साहेब लोक, बाजूला बायकामुलं. आता डोटूनला काय म्हणावं? धाकटा म्हणावं, तर दोघांची नोकरी जाते. सेसानने घसा खाकरला आणि बोलला, “आज आमचे थोरले बंधू, डोटून ओडूसिना, आपल्यातून निवृत्त होत आहेत.”

टाळ्या पडल्या. डोटून खुर्चीत बसला होता, भेट मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ मांडीवर घेऊन. त्याने मान वर करून भावाकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. बाजारात आपलीच चोरीला गेलेली कोंबडी दुसऱ्याच्या टोपलीत दिसली की माणूस जसा बघतो, तसा तो बघत होता.

त्या दिवसापासून डोटूनने सेसानला लोटांगण घातलं नाही. सणाला नाही, बारशाला नाही, आई गेली तेव्हाही नाही. वर त्याला नुसत्या नावाने हाक मारू लागला. आमच्याकडे थोरल्याला नुसत्या नावाने हाक मारणं म्हणजे त्याच्या ताटात थुंकणं.

“सेसान,” आईच्या मातीला आलेल्या सगळ्या गोतावळ्यासमोर तो म्हणाला, “तूच चारचौघांत मला थोरला म्हणालास. आता तू वाक.”

सेसान वाकला नाही आणि डोटूनही वाकला नाही. दोन घरांतून ताट जाणं बंद झालं. किसलेल्या कंदाच्या इकोकोरेचा खमंग वास कुंपणावरून यायचा-जायचा तेवढाच.

पुढे सेसानही निवृत्त झाला. म्हाताऱ्यांच्या फेरीत उतरला, तर डोटून आधीच तिथे होता, आणि होता सत्तरीच्या गटात! घरच्या वयाने सहासष्टीचा गडी, मनगटं अजून लोखंडाची, आणि समोर खरोखरचे सत्तरी ओलांडलेले, दम लागणारे म्हातारे. तो त्यांना उसासारखा पिळून काढायचा. इकडे खरा बहात्तरीचा सेसान आपल्याहून लहान, पळत्या पायांच्या लोकांत. पण सेसान पायांनी खेळतच नसे. तो कापलेले चेंडू टाकायचा, आभाळात उंच फेकायचा, जाळीपाशी मेलेला चेंडू सोडायचा, आणि अगदीच अडलं की टोपी मागे सारून म्हणायचा, “थोरल्याचा चेंडू रेषेवरच पडतो.” कित्येक आतले चेंडू त्याने बाहेर म्हटले होते. लोक गिळून टाकत.

“तो माझ्या वयावर जिंकतोय!” सेसान घरी ओरडायचा.

त्याची बायको एबुन कसाव्याच्या रव्याची गारी पाण्यात भिजवत बसलेली असायची. “इयाबोचे बाबा, तुम्ही त्याच्या वयावर पगार घेतलात ना? मग जिंकू द्या की त्याला.”

“त्याने एकदा, फक्त एकदा, माझ्या मंडळीसमोर मला लोटांगण घालावं. मग मी डोळे मिटायला मोकळा.”

“त्याची वर्षं खाल्लीत. आता पाठही पाहिजे?”

सेसान त्यावर शेंगदाणे चावत राही.

त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे सेसानने पासष्टीचा गट जिंकला. कसा जिंकला ते हरलेल्यांना विचारू नये. दुसरी म्हणजे फेरीला नवी कॅप्टन आली, अल्हाजा रिसिकात. अबेओकुटाची निवृत्त मुख्याध्यापिका, हजला जाऊन आलेली, पांढरी ओढणी आणि आवाज असा की वर्गातली पाल भिंतीवरून उतरावी. तिला इजेबूची गिळून टाकण्याची रीत ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक असून मान्य नव्हती.

शेवटच्या सामन्याच्या सकाळी क्लबच्या कोर्टाभोवती गाव जमलं. रानबदामाच्या झाडाखाली सेसानची मंडळी शेवाळी टोप्या घालून बसली होती. पुढे वाहाबी होता, मंडळीचा विदूषक, एक पाय अधू, जीभ मात्र चारी पायांनी पळणारी. भांड्यात बकऱ्याचं झणझणीत सार उकळत होतं.

डोटून आला. पांढरीशुभ्र पँट, बॅग खांद्यावर. मंडळीला त्याने वाकून नमस्कार केला, एकेकाला नाव घेऊन “दादा” म्हणाला, आणि सेसानपाशी पोचल्यावर ताठ झाला.

“सेसान. गुडघे आहेत ना जागेवर?”

“तुझ्या छातीखालची जमीन झाडून ठेवलीय मी,” सेसान म्हणाला. “आज हरलास की इथेच, माझ्या मंडळीसमोर, पालथं पडायचंस. आहे कबूल?”

झाडाखालच्या शेवाळी टोप्या डोटूनकडे वळल्या.

“कबूल,” डोटून म्हणाला. “आणि तू हरलास तर माझी बॅग उचलायचीस. मंडळीसमोरून, फाटकापर्यंत. धाकटा उचलतो तशी.”

“कबूल.”

“एक मिनिट, बाबा लोक.” अल्हाजा पुढे आली. “तुमच्या घरच्या पैजा तुमच्यापाशी. मला एवढंच सांगा, वाद झाला तर शब्द कोणाचा? दोघांत थोरलं कोण?”

“हे काय विचारणं झालं!” वाहाबी ओरडला. “सेसान आमच्या मंडळीतला! आम्ही एका वर्षी नागडे पळालो आहोत!”

“मी सत्तरीच्या गटात खेळतो, अल्हाजा,” डोटून थंडपणे म्हणाला. “हा पासष्टीच्या. हिशोब तुम्हीच करा.”

अल्हाजाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. “मी मुलांना शिकवलंय, मला गाढव समजू नका. थोरल्याने धाकट्या गटात खेळलं तर चालतं. पण सत्तरीच्या गटात सत्तरीच्या आतला माणूस खेळत असेल, तर त्याचे आजवरचे सगळे विजय मी इथेच, माणसांसमोर, रद्द करीन. पुन्हा त्याला फेरीत पाऊल ठेवता येणार नाही. आता सेसान बाबा, तुम्हा भावांत सहा वर्षांचं अंतर आहे म्हणतात, तेव्हा तुम्हीच सांगा. तुम्ही थोरले?”

सेसानच्या जिभेवर शब्द होता. आयुष्यभर तो तिथेच बसलेला होता. पण पहिल्यांदाच त्याला तो कडू लागला.

“खेळू दे आधी,” तो म्हणाला. “वाद झालाच तर बघू.”

“पळाला!” डोटून हसला. “थोरला पळाला!”

सामना सुरू झाला तेव्हा धुरकट ऊन कोर्टावर पसरलं होतं. डोटून मारत होता आणि सेसान त्याला मारू देत होता. पहिला सेट डोटूनने ओरबाडून नेला. दुसऱ्यात सेसानने जाळीपाशी एकामागून एक मेलेले चेंडू सोडले. डोटून धावत यायचा, पोचायचा, आणि तोवर पुढचा चेंडू त्याच्या डोक्यावरून मागच्या कोपऱ्यात गेलेला असायचा.

“काय रे, सत्तरीचा आहेस ना?” सेसान जाळीवरून म्हणाला. “मग दम लागू दे की जरा. शोभेल.”

“तुला चोरायला दमच लागत नाही, म्हणून तुला माहीत नाही तो कसा असतो.”

“मी चार भावंडं जगवली. त्यात एक तू होतास.”

“आणि मी तुझं म्हातारपण जगवलं. तू साहेब झालास तेव्हा मी बायकोच्या कापडाच्या दुकानात मीटर धरून बसलो होतो.”

“सर्व्हिस कर.”

“करतो. घाई कसली? तुझ्याजवळ तर माझीही वर्षं आहेत.”

वाहाबीने कपाळावर हात मारला. “हे टेनिस खेळतायत की घराची वाटणी करतायत?”

दुसरा सेट सेसानचा झाला. तिसऱ्यात दोघांचेही पाय जड झाले. धुळीने दात करकरत होते. सेसानच्या डाव्या गुडघ्यात कोणीतरी खिळा ठोकत होतं. पण झाडाखालच्या शेवाळी टोप्या पुढे झुकल्या होत्या आणि त्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, लाल धुळीवर पालथा पडलेला डोटून, दोन्ही हात मागे, छाती जमिनीला. त्या चित्रासाठी तो धावत होता. खेळात थोडं पुढे-मागे होत, शेवटी डोटूनला जिंकायला एकच चेंडू उरला.

डोटूनने अंगातलं होतं नव्हतं ते घालून चेंडू हाणला. तो सेसानच्या डाव्या कोपऱ्यात आला, मागच्या रेषेपाशी. सेसान तिथेच होता, दोन पावलांवर. त्याने नीट बघितलं. चेंडू रेषेच्या पलीकडे पडला होता. बोटभर, पण पलीकडे. आयुष्यात खोट्याने इतके चेंडू बाहेर म्हटले, आणि आज खराखुरा बाहेरचा चेंडू त्याच्या पायांशी येऊन पडला होता.

“बाहेर!” तो म्हणाला.

“आत होता!” डोटून पलीकडून कडाडला. “इथून दिसला मला. पांढरी धूळ उडाली!”

“धूळ तुझ्या डोळ्यांत उडाली.”

“अल्हाजा! वाद! मी वाद घालतोय!”

अल्हाजा कोर्टाच्या मधोमध आली. ओढणी वाऱ्यावर फडफडत होती. “झालाच शेवटी. सांगा आता. थोरलं कोण?”

“सेसान!” शेवाळी टोप्या एका आवाजात गरजल्या. “सेसान थोरला! राजाच्या अंगणाला विचारा!”

“मी तुम्हाला विचारलं नाही,” अल्हाजा म्हणाली. “सेसान बाबांनी आपल्या तोंडाने सांगायचं. तुम्ही थोरले असाल तर चेंडू बाहेर, खेळ पुढे चालेल. आणि डोटून बाबांचे सगळे विजय, आजपर्यंतचे, मी आत्ता रद्द म्हणून सांगेन.”

सेसानने वर बघितलं. एकच शब्द होता. तो खरा होता, चेंडूही खराच बाहेर होता, आणि सामना अजून जिंकता येत होता. समोर डोटून उभा होता. तो अल्हाजाकडे बघत नव्हता, मंडळीकडे बघत नव्हता. तो सेसानकडे बघत होता. हातातली रॅकेट त्याने पोटाशी दोन्ही हातांनी धरली होती, घड्याळ धरलं होतं तशी. आणि नजर तीच, टोपलीतली कोंबडी ओळखणारी. जणू पुढचं वाक्य त्याला आधीच पाठ होतं, आणि ते ऐकायला तो तयार होऊन आला होता.

सेसानने कोरडा घसा खाकरला. त्याच घशातून एकदा ते भाषण निघालं होतं.

त्याने टोपी मागे सारली.

“आत,” तो म्हणाला. “रेषेवर.”

“काय?” अल्हाजा म्हणाली.

“ऐकू येत नाही? चेंडू आत होता. हा थोरला आहे, सत्तरीच्या गटातला. आणि थोरल्याचा चेंडू रेषेवरच पडतो.”

झाडाखाली कोणीतरी सार ढवळत होतं. त्याची पळी भांड्यावर आपटली.

“वेड लागलं का तुला?” वाहाबी अधू पायावर उभा राहिला. “सेसान! अरे गड्या! आम्ही कोण मग? आम्ही कोणत्या सालचे?”

सेसानने मंडळीकडे बघितलं नाही.

डोटून जाळीपाशी आला. त्याने हात पुढे केला नाही. सेसाननेही केला नाही. दोघांचे श्वास धुळीत मिसळत होते.

“खरं सांग,” डोटून दबक्या आवाजात म्हणाला. “बाहेर होता?”

“बॅग कुठाय तुझी?”

“मी काय विचारतोय? चेंडू बाहेर होता की नाही?”

“म्हातारा झालास, कानही गेले. बॅग कुठाय विचारलं मी.”

“मला तुझी भीक नको, सेसान! थुंकतो मी तुझ्या भिकेवर!”

“थुंक. पण थोरला आहेस ना, मग बाजूला तोंड करून थुंक. लहानांसमोर बरं दिसत नाही.”

“अल्हाजा, हा खोटं बोलतोय!”

अल्हाजाने त्याच्याकडे बघितलं. “डोटून बाबा, तुम्ही थोरले. तुमचा शब्द शेवटचा. चेंडू बाहेर होता असं तुम्ही म्हणत असाल तर म्हणा, आणि तुम्हाला ते कसं कळलं तेही सांगा.”

डोटूनच्या गालावरची शीर ताणून उभी राहिली. त्याने कधी नव्हे ते डोळे खाली केले.

“सामना डोटून बाबांचा,” अल्हाजा म्हणाली.

टाळ्या वाजल्या नाहीत. सेसान बाकापाशी गेला. डोटूनची बॅग तिथे होती, काळी, जड, एका बाजूचा पट्टा शिवलेला. त्याने ती खांद्यावर टाकली. स्वतःची रॅकेट दुसऱ्या हातात. आणि तो निघाला, झाडाखालून, आपल्याच मंडळीच्या समोरून, ठरल्याप्रमाणे.

शेवाळी टोप्या एकेक करून खाली झाल्या. थोरल्याला धाकट्याचं ओझं वाहताना बघू नये, बघणाऱ्याला पाप लागतं असं आमच्याकडे मानतात. वाहाबीने तोंड दुसरीकडे फिरवलं आणि डोळ्यांवरून बाही ओढली. त्याला धूळ लवकर लागायची.

एबुन कुंपणापाशी उभी होती. तिने तोंड फिरवलं नाही.

“इयाबोचे बाबा, ते ओझं इकडे द्या.”

“तुझं नाही ते,” सेसान म्हणाला आणि पुढे गेला.

फाटकाशी पोचून त्याने बॅग खाली ठेवली. ठेवली कसली, टाकलीच. लाल धुळीचा लोट उठला आणि काळ्या कापडावर बसला. मग त्याने विजारीला हात पुसले आणि घराच्या उलट्या दिशेला, बाजाराकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेने चालू लागला. डावा पाय ओढत होता, पाठ मात्र ताठ. मागे बघायची त्याला सवय नव्हती, आणि आज तर त्याने मानही हलवली नाही.

डोटून कोर्टातून चालत आला. त्याला वाट देताना माणसं मागे सरली. फाटकाशी बॅग धुळीत पडली होती. तिच्यापलीकडे दूर जाणारी ती ताठ पाठ होती. डोटून थांबला. मग खाली वाकला. एक गुडघा टेकला, दुसरा टेकला. दोन्ही तळवे धुळीवर ठेवले, आणि छाती खाली, खाली, इतकी खाली गेली की सदऱ्याच्या गुंड्या मातीला लागल्या. तसाच राहिला तो. एक सायकलवाला घंटी वाजवत जवळून गेला, तरी हलला नाही.

सेसान तोवर कोकोच्या वखारीपाशी वळला होता. त्याची टोपी कुंपणावरून थोडा वेळ दिसली, मग तीही धुरकट उन्हात नाहीशी झाली.

एबुनने बघितलं. अल्हाजाने बघितलं. वाहाबीने बाही खाली घेऊन बघितलं आणि शेजारच्याला कोपराने ढोसलं.

“बॅग उचलायला,” तो म्हणाला, “एवढं वाकावं लागत नाही.”